एका कार्डावर दोघी

द्वारकाबाई मेढेकर शिडीवर होत्या.

शेवग्याला टेकवलेली बांबूची शिडी, तिच्या सातव्या पायरीवर पांढऱ्या लुगड्याचा ओचा खोचून उभी असलेली बाई, आणि खाली मी, खांद्याला पिशवी अडकवून. पिशवीत त्यांचं कार्ड होतं. कार्डाप्रमाणे त्यांचा जन्म १८८९चा आणि त्या दिवशी तारीख होती अकरा मार्च १९७५. वजाबाकी मी आगगाडीतच करून ठेवली होती. पंचाऐंशी पूर्ण. पंचाऐंशीची बाई शेंगा काढायला शिडी चढते हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही, कारण कार्ड मी स्वतः केलेलं होतं.

"कोण पाहिजे?" वरून आवाज आला.

"द्वारकाबाई मेढेकर."

"मीच. धरा."

शेंगांची जुडी माझ्या छातीवर आदळली. मी ती झेलली, पिशवी पडली.

"पुण्याहून आलोय. चरित्रकोशाच्या कार्यालयातून. माझं नाव रिसबूड."

"ते पत्रवाले होय! जन्मतारीख पाठवा, जन्मगाव पाठवा, फोटो पाठवा."

"तीन पत्रं पाठवली आम्ही."

"चार. एकात मला श्रीयुत द्वारकानाथ केलंत." त्या एकेक पायरी मोजत खाली उतरल्या. "म्हटलं, यांचं आधी आपापसात ठरू दे मी बाई की बुवा, मग उत्तर देऊ. बसा की. पाणी आणते."

त्या पाणी आणायला गेल्या तेवढ्यात माझ्या नोकरीबद्दल सांगून टाकतो.

शनिवारात एका छापखान्याच्या माडीवर आमचं कार्यालय होतं. देशात आणि देशाबाहेर नाव काढलेल्या माणसांचा कोश, आठ खंड, आणि त्यासाठी लाकडी खणांतून भरलेली काही हजार कार्डं. त्यांतला एक खण माझा. त्याला आम्ही सनामींचा खण म्हणायचो. एकाच नावाची दोन, तीन, कधी चार नामवंत माणसं त्यात एकत्र कोंबलेली असत आणि त्यांना सोडवणं हे माझं काम. गणेश विनायक भाटवडेकर, उदाहरणार्थ, तीन होते. एकानं नर्मदेवर पूल बांधले, एक बडोद्याला बीन वाजवायचे, तिसरे मॉरिशसला जाऊन तिथल्या कायदेमंडळात बसले. तिघांनी आयुष्यात एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण वर्तमानपत्रांनी पूलवाल्याला बीन वाजवायला लावली होती आणि बीनवाल्याला निवडून आणलं होतं. ज्याचं त्याच्या नावे जमा करून देण्यात मला विलक्षण सुख व्हायचं. माणसाचं आयुष्य म्हणजे मला दोन तारखांमधला हिशेब वाटायचा. तो जुळला की माणूस खरा.

द्वारकाबाईंचं काम मात्र उलट होतं. इथे दोन कार्डं होती. एक, 'मुलींचे आकाश' या १९११ सालच्या पुस्तकाच्या लेखिका. चौसष्ट पानं, मुलींना तारे-नक्षत्रं ओळखायला शिकवणारं मराठीतलं फार आधीचं पुस्तक. दुसरं, १९३४ साली बार्शीत मुलींचं बोर्डिंग काढणाऱ्या बाई. दोघींचं नाव द्वारकाबाई, दोघींच्या नवऱ्याचं त्रिंबक, दोघींचं आडनाव मेढेकर, दोघींचं गाव बार्शी. आमचा नियम होता की चार गोष्टी जुळल्या की माणूस एकच. तरी मी तेवढ्यावर थांबलो नाही. पुस्तकाच्या एका भेटप्रतीवर लेखिकेनं शाईनं लिहिलेल्या दोन ओळी होत्या आणि बोर्डिंगचा सरकारदरबारी केलेला मूळ अर्ज मी सोलापुरातून मिळवला होता. भिंग लावून मी अक्षर ताडून पाहिलं. तोच मोडका 'र', तोच पोट सुटलेला 'ळ'. दोन्ही कार्डं मी टाचणीनं एकत्र केली.

मुख्य संपादक तात्यासाहेब हुपरीकर कुणाची स्तुती करीत नसत. फार खूश झाले तर चहा मागवीत. त्या दिवशी त्यांनी चहाबरोबर बिस्किटं मागवली. म्हणाले, "रिसबूड, एका बाईला दोनदा मरण्यापासून वाचवलंत तुम्ही." पुढच्या वर्षी मी उपसंपादक होणार, असं त्या बिस्किटांवरून सगळ्या कार्यालयानं ओळखलं.

द्वारकाबाई पाणी घेऊन आल्या. बरोबर गुळाचा खडा. आम्ही ओसरीवर बसलो. बोर्डिंगच्या मुली शाळेत गेलेल्या, त्यामुळे दोरीवर वाळणारे परकर आणि रिबिनी एवढाच काय तो आवाज. मी बावीस रकान्यांचा छापील तक्ता काढला.

"पूर्ण नाव माझ्याकडे आहे. जन्म?"

"कुणाचा?"

"तुमचा."

"शके अठराशे पंचवीस. चैत्र."

मी अठ्ठ्याहत्तर मिळवले. पुन्हा मिळवले. "म्हणजे १९०३. बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. माझ्याकडे १८८९ आहे."

"ते तिचं असेल."

"कुणाचं?"

त्या उठल्या. आत देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि मूठ मिटून परत आल्या. मूठ माझ्यासमोर उघडली. चांदीचा एक टाक होता, रुपयापेक्षा थोडा मोठा. त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती, नाकडोळे झिजून गेलेले.

"नमस्कार करा," त्या म्हणाल्या. "तुमच्या कोशातल्या द्वारकाबाई ह्या."

मी नमस्कार केला. न करण्याचं धैर्य मला झालं नाही.

"सवतीचा टाक," त्या म्हणाल्या. "बिजवराकडे दिलेल्या मुलीच्या गळ्यात घालायचे. आधीची रागावू नये म्हणून. तुमच्या पुण्यात नसेल आता."

"म्हणजे त्रिंबकरावांची पहिली पत्नी..."

"द्वारका. तापानं गेली, सोळा साली. वर्षभरानं मला केली. चौदाची होते मी."

"आणि तुमचंही नाव द्वारकाच?"

"ठेवलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नाव लिहितो ना, तसं लिहिलं. मला कुठं वाचता येत होतं? भावाला विचारलं, काय रे लिहिलंय? तो म्हणाला, द्वारका. मला आवडलं बाई. सासरी आले तर न्हाणीघरातल्या घंगाळावर तेच नाव. पिंपावर तेच. ताम्हनावर तेच." त्या हसायला लागल्या. "मला वाटलं, काय हौशी माणसं! मुलगी घरात यायच्या आधीच भांडी कोरून तयार!"

मला हसावं की नाही ते कळेना.

"हसा हो. मी पंधरा दिवस मिरवले त्या घंगाळावर. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, जिभेला वळण पडलंय, नवीन नाव कुठं लक्षात ठेवू, आणि भांडी काय पुन्हा कोरायची?"

तक्त्याचा पहिला रकाना रिकामा होता आणि माझं पेन त्यावर नुसतं टेकलेलं होतं. खाली शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

"पण अक्षर?" मी म्हटलं. बुडताना माणूस काय धरील सांगता येत नाही. "अक्षर मी ताडून पाहिलंय. पुस्तकावरचं आणि बोर्डिंगच्या अर्जावरचं. एकाच हातचं आहे."

"भिंग लावलं होतं का?"

"हो."

"मग बरोबर आहे." त्यांनी पदरानं टाक पुसला. "ट्रंकेत तिची वही होती. मी त्या वहीवर गिरवून लिहायला शिकले. सासूबाई निजल्या की दुपारची बसायचे. दुसरं कुठलं अक्षर मी पाहिलंच नव्हतं, तर माझं निराळं कुठून होणार? तिचा 'र' मोडका होता, म्हणून माझाही मोडका."

दोरीवरचा एक परकर वाऱ्यानं खाली पडला. त्यांनी तो उचलून झटकला, पुन्हा वाळत घातला, चिमटा लावला. मी तेवढ्या वेळात माझ्या हुशारीची किंमत करून पाहत होतो.

"बाई, इतकी वर्षं लोक तुम्हाला त्या पुस्तकाच्या लेखिका समजतात. तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं नाही? भर सभेत तीनदा सांगितलं. बोर्डिंगच्या रौप्यमहोत्सवात उभी राहिले नि म्हटलं, ते पुस्तक माझं नव्हे हो, माझ्या आधीच्या बाईंचं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, 'पाहा हा विनय! बाई स्वतःच्या पूर्वायुष्याकडे सुद्धा परक्यासारख्या पाहतात!' शाल घातली आणि खाली बसवलं." त्यांनी कपाळावर हात मारला. "मग शाळांतल्या मुली यायला लागल्या. बाई, शनी दाखवा. बाई, मृग दाखवा. मला गुरू नि शुक्र कळत नव्हता. शेवटी ते पुस्तक पाठ केलं. पन्नाशी उलटल्यावर बसले घोकत. लोकांनी गळ्यात बांधलंच आहे, तर निदान मुलींना चुकीचं तरी दाखवू नये."

"मग पत्रांना उत्तर का नाही दिलंत?"

"पत्रात लिहिलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

मी खरं सांगितलं. "विनय म्हटलं असतं."

"म्हणून. म्हटलं, कुणीतरी येईल. चार पत्रांनंतर माणूस येतो." आता त्या माझ्यासमोर नीट मांडी घालून बसल्या. "कोशवाले, पेपरातलं उद्या रद्दीत जातं. सभेतलं तर मांडव सुटला की संपलं. पण तुमचं पुस्तक राहील, होय ना? कॉलेजांत ठेवतात म्हणे. त्यात एकदा चुकीचं छापलं गेलं की मग तिला कोण सोडवणार? आम्हाला वेगळं करा."

माझ्या आयुष्यातलं नेहमीचंच काम होतं ते. टाचणी काढायची. पण कोशाचे नियम मला पाठ होते, आणि मनातल्या मनात आकडे मांडून झाल्यावर मी तक्ता मिटला.

"बाई, एक अडचण आहे. हयात माणसाला कोशात घ्यायचं तर पंचाहत्तर पूर्ण लागतात."

"मला बहात्तरावं चालू आहे."

"म्हणजे तुम्ही बसत नाही."

"तीन वर्षं थांबा की."

"खंड जूनमध्ये छापायला जायचाय."

"बरं, त्याच्या आत मेले तर?"

"मेलात तर वयाची अट नाही."

"बघा! सोय आहे म्हणायची." त्या मोकळेपणानं हसल्या. "आणि ती? ती तर केव्हाच मेलीय."

"दिवंगताची किमान दोन स्वतंत्र कामं लागतात. त्यांचं एकच पुस्तक. चौसष्ट पानं."

"म्हणजे तीही नाही."

"नाही."

"आणि दोघी मिळून?"

"मिळून बसता. पुस्तक, बोर्डिंग, वय, सगळं जुळतं. चौदा ओळी आहेत."

मी त्यांच्याकडे न बघता बोलत राहिलो. मला त्या दिवशीचं माझं बोलणं अजून आठवतं आणि ते आठवायला मला आवडत नाही. मी म्हटलं, आहे तसं राहू द्या. तुमच्या-माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही. वेगळं केलं तर दोघीही बाहेर. एकत्र राहिलात तर त्यांचं पुस्तक वाचेल, तुमचं बोर्डिंग वाचेल. नाव तर एकच आहे, त्यात खोटं काय?

"दाखवा त्या चौदा ओळी," त्या म्हणाल्या.

मी गॅली प्रूफ काढून दिलं. त्यांनी ते हात लांब करून धरलं आणि सावकाश वाचलं. लहानपणापासून आकाशाची ओढ, धूमकेतूचं निरीक्षण, ग्रंथलेखन, पतीच्या निधनानंतर खचून न जाता स्त्रीशिक्षणाला वाहून घेणं. चौदा ओळी मीच रचल्या होत्या. बऱ्या जमल्या होत्या.

"छान बाई आहे," त्यांनी कागद परत दिला. "हिला भेटायला मला आवडलं असतं."

मग म्हणाल्या, "माझं काढा."

"बाई..."

"माझं काढा आणि तिचं राहील असं करा. माझ्या हाताखालून चारशेवर मुली गेल्या. कुणी नर्स आहे, कुणी मास्तरीण आहे, एक तर तिकडे नैरोबीला आहे. मी कोण होते ते विचारायचं तर त्यांना विचारा. तिचं कोण आहे? मूल नाही. फोटो नाही. हा टाक, त्याचं नाक मी घासून घासून घालवलं. आणि नाव होतं, ते मी वापरते."

"पण दोन कामं लागतात. नियम माझा नाही."

"थांबा."

या वेळी त्या आतून पत्र्याची ट्रंक ओढतच ओसरीवर घेऊन आल्या. तळाशी खादीत गुंडाळलेली एक वही होती. कागद तपकिरी झालेला, कडा कुरतडलेल्या. मी उघडली. १९१० सालच्या धूमकेतूची टिपणं. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत, एका दिवसाचा खंड नाही. तिथी, घटका, दिशा, शेपटीची लांबी. लांबी मोजायला तिच्याकडे हातच होता. 'हात ताठ धरिला असता साडेतीन वीत.' 'आज चार वीत व दोन बोटे.' 'आज ढग. दिसला नाही.' एका पानावर तिनं लिहिलं होतं, 'उद्या पृथ्वी शेपटीतून जाणार म्हणून आळीतील बायका रडत आहेत. मी चकल्या केल्या.'

प्रत्येक पानावर त्या अक्षरांच्या वरून कुणीतरी पेन्सिलीनं गिरवलं होतं. आधी थरथरत, मग शेवटाकडे सफाईनं.

"हे काम म्हणायचं की नाही?" त्यांनी विचारलं.

"छापलेलं नाही."

"तुम्ही पुण्याचे लोक फार छापील बघता बाई!"

"नेऊ मी ही?"

त्यांनी वहीवरून हात फिरवला, पुन्हा खादीत गुंडाळली, गाठ मारली. "परत आणायची," त्या म्हणाल्या. "टपालानं नाही. हातानं."

तात्यासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "म्हणजे ती बिस्किटं फुकट गेली."

"हो."

"दोघींना काढा. नियम सरळ आहे."

"वही पाहा ना."

"अप्रकाशित आहे."

मी तयारीनं गेलो होतो. "दुसऱ्या खंडात वैद्य नरहरपंत सोवनींना आपण घेतलंय. एक छापील पुस्तक आणि औषधींचा एक हस्तलिखित निघंटू. ते हस्तलिखित आपल्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं सुद्धा नाही, त्यांच्या नातवानं पत्रातून कळवलं होतं. ही तर समोर आहे."

"नरहरपंत माझे मामा होते," तात्यासाहेब म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे."

खालच्या छापखान्यातला कंपोझिटर शिशाचे खिळे खणात टाकत होता ते माडीवर ऐकू आलं. उपसंपादकाची जागा त्याच क्षणी माझ्या हातून गेली, असं मी धरून चाललो. तात्यासाहेबांनी वही पुढे ओढली. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं. चकल्यांच्या पानापाशी ते बराच वेळ थांबले.

"नऊ ओळी," ते म्हणाले. "पहिल्या बाईंना. दुसऱ्यांचं वय बसत नाही, त्यांना मी घेऊ शकत नाही. हवं तर त्रिंबकरावांची नोंद आहे ना, अंकगणिताच्या पुस्तकांबद्दल? तिच्या शेवटी टाका, द्वितीय पत्नीने कन्या बोर्डिंग स्थापन केले. एक ओळ देतो. विचारा त्यांना."

एप्रिलात मी पुन्हा कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शीला गेलो. ऊन मी म्हणत होतं. द्वारकाबाई ओसरीवर सांडगे वाळत घालत होत्या. मी आधी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी गाठ सोडून पानं चाळून पाहिली, मोजल्यासारखी, आणि मगच मला बसायला सांगितलं.

मी तात्यासाहेबांचा निरोप सांगितला. "त्रिंबकरावांच्या नोंदीत एक ओळ बसेल तुमची."

"त्यांच्यात?" त्या म्हणाल्या. "तिथं पंधरा वर्षं बसले मी. पुरे."

"म्हणजे बोर्डिंगचा उल्लेख कुठेच येणार नाही."

"बोर्डिंग इथं आहे की. दिसत नाही का तुम्हाला?" त्यांनी सांडग्यांचा हात झटकला. "तिचं दाखवा."

मी नवं प्रूफ दिलं. 'मेढेकर, द्वारकाबाई त्रिंबक (१८८९–१९१६)'. त्यांनी ओळीखाली बोट धरून वाचलं. मृत्यूच्या सालावर बोट थांबलं. मग पुढे सरकलं. नऊ ओळी संपल्या तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. चकल्या मी आत घातल्या नव्हत्या, कोशात तसं घालता येत नाही. त्याचं मला आता वाईट वाटतं.

"बसली," त्या म्हणाल्या.

"बसल्या."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मी सांडग्यांवरचा कावळा हाकलला. मग त्यांनी कागद पुन्हा उचलला.

"हे खाली बारीक टाइपात काय आहे?"

"संदर्भ. माहिती कुठून मिळाली ते. त्यांचं पुस्तक, त्यांची वही, आणि शेवटी माहिती देणाऱ्याचं नाव."

"काय लिहिलंय? मला दिसत नाही एवढं."

मी वाचून दाखवलं. "माहिती: द्वारकाबाई त्रिंबक मेढेकर, बार्शी, १९७५."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी चौथीत नापास झालोय.

"म्हणजे सोळा साली मेलेल्या बाईनं पंचाहत्तर साली स्वतःची माहिती दिली?"

मी प्रूफ हातात घेतलं. तीन माणसांनी ते तपासलं होतं. चौथा मी.

"आणखी वीस वर्षांनी तुमच्यासारखा कुणी हुशार येईल," त्या म्हणाल्या, "भिंग घेऊन. आणि पुन्हा आम्हाला टाचणी लावील. एवढं करून काय मिळवलंत?"

"मग काय लिहू?"

"ते तुम्ही मला विचारा!"

तेव्हा मी विचारलं. मी बावीस रकाने घेऊन दोनदा त्या ओसरीवर आलो होतो. शके विचारलं, तिथी विचारली, नवऱ्याचं अंकगणित विचारलं, सवतीचा ताप विचारला. हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता, आणि तक्त्यात नसलेलं विचारायचं मला सुचत नसे.

"तुमचं माहेरचं नाव काय, बाई?"

त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"बनू," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, जरा मोठ्यानं, "बनू भिकाजी शेवडे. वैरागची."

"आता कुणी म्हणतं?"

"भाऊ म्हणायचा. तो अठरा साली गेला, तापाच्या साथीत. त्यानंतर कुणी नाही."

आमच्या कार्यालयाचा दंडक असा की माहिती देणाऱ्याची सही लागते. मी छापील चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, आणि नुसतं धरून ठेवलं.

"हे मी कधी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाव?"

"लिहायला आलं तेव्हा द्वारका झाले होते. त्याआधी येत कुठं होतं?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सांडग्यांखाली पसरलेल्या वर्तमानपत्राची एक कोरी कड त्यांनी फाडून घेतली. "थांबा. तुमची चिठ्ठी खराब नको व्हायला."

त्या कडेवर त्यांनी एकदा लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, तेही खोडलं. तिसऱ्या वेळी खोडलं नाही. मग चिठ्ठी मांडीवरच्या पाटावर ठेवून, पाठ वाकवून, शाळेतल्या मुलीसारखी जीभ दातांत धरून त्यांनी सही केली. वरची रेघ सगळ्यात शेवटी ओढली, डावीकडून उजवीकडे, एका दमात.

चिठ्ठी त्यांनी मला दिली नाही. हात लांब करून ती उजेडात धरली आणि डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"केवढीशी होती हो," त्या म्हणाल्या.